आमदार दूध प्यायला गेल्यात

मी राजकारणात कधी पडलो नाही. मी फक्त शाहूपुरीत एक खोली भाड्याने घेतली. पण ती खोली ज्या घराच्या वरच्या मजल्यावर होती, त्याच्या खालच्या मजल्यावर राज्यातल्या तिसऱ्या पक्षाचं जिल्हा कार्यालय होतं आणि घरमालक त्या पक्षाचे जिल्हाध्यक्ष होते. सामान वर चढवून किल्ली मागायला खाली गेलो, तर त्यांनी किल्लीबरोबर सदस्यत्वाची पावतीही हातात ठेवली. मला राजकारणातलं काही कळत नाही, असं मी सांगून पाहिलं.

"मग बरोबर जागेवर आलासा, पावणं," ते म्हणाले. "कळणाऱ्यांनीच घोळ घातलाय."

वर्षभरात मी पक्षाचा जिल्हा सरचिटणीस झालो. मोटारपंपांच्या दुकानात हिशेब लिहिणाऱ्या माणसाला एवढी बढती दुसरीकडे कुठे मिळाली असती, मला माहीत नाही. पुढे मी स्वतःचा फ्लॅट घेतला, खोली सोडली, पण पद काही सुटलं नाही. राजीनामा द्यायला गेलो होतो एकदा. त्यांनी तो वाचला, दोन शब्दांचं शुद्धलेखन सुधारलं आणि परत दिला.

सगळे त्यांना अध्यक्ष म्हणत. उंच, काटकुळे, नेहमी पांढरी विजार आणि पूर्ण बाह्यांचा पांढरा सदरा. बियाण्यांचं पिढीजात दुकान, गावाकडे शेती, घराणं जैन. आवाज इतका हळू की कोल्हापुरात नवीन माणूस त्यांना भेटला की आधी तब्येतीची चौकशी करायचा. या गावात माणसं शेजारच्याशी बोलतात ती चौकातल्यालाही ऐकू जावी म्हणून. अध्यक्षांच्या सभेत मात्र पहिल्या रांगेतली माणसं मागे वळून मागच्यांना भाषण सांगायची. त्यामुळे त्यांचं एकच भाषण सभेत तीन-चार तऱ्हांनी पोचायचं आणि प्रत्येकाला आपापल्या सोयीचं मिळायचं. पक्ष वाढला त्याचं हेही एक कारण असावं.

'तिसरा पक्ष' म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. "तिसरा कसा काय?" ते विचारायचे. "आदी दुसरा तरी दाखवा. त्यो आन् पहिला येकाच ताटात जेवतोय." हे त्यांनी कुठून तरी ऐकलेलं नव्हतं, डोळ्यांनी पाहिलेलं होतं. आमच्या जिल्ह्यात साखर कारखाना म्हणजे राजकारण. बिद्रीकडे जा नाही तर शिरोळकडे जा, कारखाना असला की त्याला चेअरमन असतो, आणि चेअरमन असला की तो या पक्षाचा असतो किंवा त्या पक्षाचा. कुठल्याशा लग्नात अध्यक्षांनी दोन्हीकडचे चेअरमन एकमेकांना जिलेबी भरवताना पाहिले. आदल्याच आठवड्यात दोघांनी एकमेकांना सभेत चोर म्हटलं होतं. अध्यक्ष जेवता जेवता उठले, घरी आले आणि त्यांनी साखर सोडली.

लोक नेत्यासाठी चप्पल सोडतात, दाढी वाढवतात. हे साखर सोडणं जरा वेगळं होतं, कारण त्याला शेवट नव्हता. साखर कुठल्याही दुकानातली घ्या, ती कुठल्या ना कुठल्या चेअरमनची. म्हणून घरात गूळ आला. पाठोपाठ त्यांच्या लक्षात आलं की दुधाच्या पिशवीलाही चेअरमन असतो. दूध बंद झालं. तेव्हापासून त्या घरात येणाऱ्याला गुळाचा कोरा चहा मिळतो. "गुळाला चेअरमन नसतो," असं अध्यक्ष कप पुढे करताना सांगतात. त्यांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो, यावर कधी काही बोलल्या नाहीत. फक्त पाहुणा कप खाली ठेवेपर्यंत त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहायच्या, आणि पाहुण्याचं तोंड बघून आत जायच्या.

आता सांगतो ते कुणाला खरं वाटणार नाही, पण हा पक्ष एकदा खरोखरच आला होता. लोक दोन्हीकडच्यांना कंटाळले होते. आमचे प्रदेशाध्यक्ष उत्तम बोलायचे. पूर्वी ते दोन्ही पक्षांत राहून आले होते, त्यामुळे दोघांबद्दलही माहितीपूर्ण बोलायचे. त्या निवडणुकीत आमच्या कार्यालयासमोर तिकीट मागणाऱ्यांची इतकी गर्दी झाली की कोपऱ्यावरच्या भेळवाल्याने गाडी आमच्या दारात आणून लावली. आमचं चिन्ह होतं अडकित्ता. गावोगाव कार्यकर्ते सुपारी कातरून वाटत फिरले. निकाल लागला तेव्हा राज्यात कुणालाच बहुमत नव्हतं आणि आमचे मूठभर आमदार ज्या बाजूला जातील त्यांचं सरकार, अशी वेळ आली. त्या मुठीतला एक आमदार आमच्या जिल्ह्यातला होता.

हा आमदार म्हणजे अध्यक्षांनी तालमीतून उचलून आणलेला पैलवान. कुस्ती सुटली होती, राजकारण लागलं नव्हतं, अशा मधल्या काळात तो त्यांना सापडला. सदरा कसा घालायचा, माईकपासून किती लांब उभं राहायचं, हे सगळं त्यांनी शिकवलं. स्वतःचा मुलगा पदवी घेऊन आला त्या दिवशी अध्यक्ष घरी नव्हते, आमदाराचा अर्ज भरायला गेले होते. मुलाने ते लक्षात ठेवलं, पण बोलून दाखवलं नाही.

मुंबईहून निरोप आला की पाठिंब्याचं पत्र राज्यपालांकडे जाईपर्यंत आमदार सांभाळा. दुसरे पक्ष आपले आमदार रिसॉर्टवर ठेवतात. अध्यक्ष म्हणाले, हॉटेलं कुणाची असतात ते मला ठाऊक आहे. त्यांनी आमदाराला स्वतःच्या घरी आणून ठेवलं. फोन काढून घेतला नाही, कारण ते त्यांना अपमानकारक वाटलं. फक्त तो अक्कांच्या देवघरात ठेवला. तिथे जायचं तर अंघोळ करून जावं लागायचं. माझ्या मते ही व्यवस्था कुठल्याही रिसॉर्टपेक्षा पक्की होती.

पण घर जैनांचं. कांदा नाही, लसूण नाही, सूर्य मावळायच्या आत जेवण. ज्या माणसाचा आठवडा तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर चालायचा, तो उजेडात भेंडीची भाजी जेवून रात्रभर छताकडे बघत बसायला लागला. त्याने एकदाही तक्रार केली नाही. तिसऱ्या दिवशी तो फक्त एवढंच म्हणाला की संध्याकाळी दूध प्यायची सवय आहे, त्याशिवाय अंगाला चैन पडत नाही.

यावर अध्यक्ष विचारात पडले. पिशवीचं दूध घरात येऊ शकत नव्हतं. पण गंगावेशीत कट्ट्यावर संध्याकाळी म्हशी आणून बांधतात आणि डोळ्यांदेखत पेल्यात धार काढून देतात. पैलवान, हमाल, दुकानदार, सगळे तिथे उभ्याने फेसाळ दूध पितात. त्या दुधाला चेअरमन नव्हता. अध्यक्षांच्या तत्त्वात बसणारं संबंध कोल्हापुरातलं तेवढं एकच दूध होतं. नाही म्हणायला त्यांच्याकडे कारण उरलं नाही.

दोघे रिक्षाने गेले. आमदाराने एक पेला प्यायला, दुसरा भरायला दिला आणि म्हणाला, पलीकडे ओळखीचा वस्ताद दिसतोय, पाया पडून येतो. अध्यक्षांनी त्याचा दुसरा पेला हातात धरला. वस्ताद होता की नाही माहीत नाही, गाडी होती. दूध गार होईपर्यंत अध्यक्ष तिथेच उभे होते. मग त्यांनी ते म्हशीवाल्याला परत दिलं आणि चालत घरी आले. दुसऱ्या दिवशी आमदार टीव्हीवर पहिल्या पक्षाच्या नेत्याच्या शेजारी बसला होता. प्रदेशाध्यक्षांनीही फार वेळ लावला नाही. पंधरवड्याच्या आत ते मंत्री झाले, तेही पहिल्या पक्षात जाऊन.

आमदार टीव्हीवर दिसला त्या दिवशी कार्यालयात पत्रकार जमले आणि विचारायला लागले, आमदार कुठे आहेत? अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "दूध प्यायला गेल्यात."

हे वाक्य गावात फार चाललं. कामावरून पळालेल्या माणसाला, उधारी बुडवणाऱ्याला, सासरी निघून गेलेल्या मैत्रिणीला लोक 'दूध प्यायला गेल्यात' म्हणायला लागले. मला वाटलं, अध्यक्ष उपहास करतायत. पण नंतरही, गर्दी सरल्यावर, कुणी आमदाराचं नाव काढलं की ते तेच उत्तर द्यायचे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसायचं नाही. एकदा मी धीर करून विचारलं, अध्यक्ष, तो येणार नाही हे तुम्हाला माहीत आहे ना. ते म्हणाले, "पावणं, त्यो जातो म्हणाला न्हाय. येतो म्हणाला."

पक्ष मग हळूहळू संपला. एकेक जण येऊन सांगून जायचा. अध्यक्ष प्रत्येकाला चहा पाजायचे. चहाला कंटाळून काही जण न सांगताच गेले. मासिक बैठक मात्र ठरल्या वेळी व्हायची. एका बैठकीला मी तापाने पडलो होतो, म्हणजे ते एकटेच होते. नंतर त्यांनी मला सांगितलं की ऊसदराचा ठराव बहुमताने मंजूर झाला. एकमताने का नाही, असं मी विचारलं. म्हणाले, "मलाबी पुरता पटलेला न्हवता."

पुढे पक्षाची मान्यता गेली आणि तिच्याबरोबर अडकित्ताही गेला. पुढच्या निवडणुकीत आम्हाला जे चिन्ह मिळालं, ते टोस्टर होतं. टोस्टर म्हणजे काय, हे अर्ध्या तालुक्याला ठाऊक नव्हतं. मग अध्यक्षांनी एक खरा टोस्टर आणला आणि आम्ही तो घेऊन गावोगाव फिरलो. चावडीवर बटण शोधायचं, पाव घालायचा, पाव टणकन वर आला की 'हेच आपलं चिन्ह' म्हणायचं. पोरं खूश व्हायची. एका गावात एका बाईने विचारलं, ह्यात भाकरी भाजती का? दुसरा कुठलाही पुढारी हो म्हणाला असता. अध्यक्ष म्हणाले, न्हाय भाजत. तिने टोस्टरकडे एकदा नीट बघितलं आणि ती घरी गेली. तिच्यामागे बाकीच्याही गेल्या.

गंमत म्हणून सांगतोय, पण त्या दिवशी परत येताना मला गाडीत रडू आलं होतं. ते मांडीवर टोस्टर घेऊन बसले होते आणि बाजारच्या पावात साखर असते म्हणून त्यांनी त्यातला तुकडाही खाल्ला नव्हता.

यंदा निवडणूक लागली तेव्हा पक्ष म्हणजे पुण्यात भाच्याच्या फ्लॅटमध्ये बसणारे एक वयस्कर कार्याध्यक्ष, कोल्हापुरात आमचे अध्यक्ष आणि मी. पुण्याहून कुरिअरने एबी फॉर्म मात्र न चुकता आला. हा आमचा उमेदवार, असं पक्षाने निवडणूक अधिकाऱ्याला सांगायचा तो कागद. त्यावर नाव घालायला माणूस नव्हता.

अध्यक्षांच्या मुलाला खालचा मजला हवा होता. त्याला इलेक्ट्रिक स्कूटरची एजन्सी मिळाली होती. मुलगा वाईट नव्हे. त्याने इतकी वर्षं वाट पाहिली होती आणि रिकाम्या खुर्च्यांच्या बैठकांनाही कधी मोडता घातला नव्हता. एका रविवारी तो माझ्यासमोरच वडिलांना म्हणाला, "अण्णा, आपण असं करू. ह्या इलेक्शनला एक जरी माणूस तिकीट मागायला आला, तर बोर्ड ऱ्हाऊ दे. न्हाय आला, तर बोर्ड उतरवायचा आन् खालचा मजला मला द्यायचा."

अध्यक्षांनी दारावरच्या पत्र्याच्या बोर्डाकडे पाहिलं. त्यावरचा अडकित्ता उन्हाने जवळजवळ पुसला होता. मग म्हणाले, "व्हय. ठरलं."

त्यानंतर ते रोज कार्यालय उघडून बसू लागले. माणूस आला की मान वर व्हायची. कुणी पत्ता विचारायला आलेला असायचा, कुणी बियाण्याच्या दुकानाला निघालेला. मीही दुकानातून सुटलो की तिथे जाऊन बसायचो. आपलं माणूस हरताना एकटं असू नये, एवढंच मला वाटत होतं. अर्ज भरायचा शेवटचा दिवस उद्यावर आला तरी कुणी फिरकलं नव्हतं. मुलाने सुताराला सांगूनही ठेवलं होतं.

आणि त्या दिवशी, ऊन कलतीला लागल्यावर, दारात गाड्या थांबल्या.

आमदार आत आला. अंग सुटलं होतं, केस काळे केलेले होते, पण चालणं तेच, आखाड्यात उतरल्यासारखं. आता तो एका कारखान्याचा चेअरमनही होता. या वेळी पहिल्या पक्षात त्याचं तिकीट कापून दुसऱ्या कुणाला द्यायचं घाटत होतं, हे सकाळच्या पेपरात मी वाचलं होतं. त्याच्या मागे पोरं होती, सगळ्यांच्या हातात फोन. अध्यक्ष उठले. समोरची खुर्ची त्यांनी खांद्यावरच्या पंच्याने पुसली, दोनदा पुसली.

"लई वेळ लागला दुधाला," ते म्हणाले.

आमदार हसला, मग हसणं थांबवून त्यांच्या पाया पडला. पोरांनी फोटो काढले. तो बराच वेळ बोलला. चुकलं म्हणाला, तुम्हीच मला घडवलंत म्हणाला, आणि शेवटी स्वच्छ शब्दांत म्हणाला, "अध्यक्ष, मला आपल्या पक्षाचं तिकीट द्या. उद्या अर्ज भरतो." दारात उभं राहून, वरचा बोर्ड मागे दिसेल असा आणखी एक फोटो निघाला.

अक्का गुळाचा चहा घेऊन आल्या. अध्यक्षांनी कपाट उघडून एबी फॉर्म काढून टेबलावर ठेवला आणि मला खुणेने बाजूला बोलावलं.

"पावणं," ते कानाशी म्हणाले, "किटली घ्या आन् तेवढं गंगावेशीत जाऊन या. धारेचं दूध आणा. आता त्यांनी उठाया नको."

मी स्कूटर काढली. संध्याकाळची गर्दी, महाद्वार रोडवरून वाट काढायला नाकी नऊ आले, पण कट्ट्यावर म्हशी उभ्या होत्या. किटली हातात गरम लागत होती. येताना मी खरं सांगतो, मलाही वाटायला लागलं होतं की पक्ष परत उभा राहतो की काय.

आलो तर दारात गाड्या नव्हत्या. आत अध्यक्ष एकटे बसले होते, समोर कोरा फॉर्म, पेनाचं टोपण काढलेलं, आणि अर्धा प्यालेला चहा. अक्कांनी मला सांगितलं. मी गेलो आणि थोड्याच वेळात आमदाराचा फोन वाजला. इथले फोटो तोवर सगळीकडे पोचले होते. तो 'आलोच' म्हणून अंगणात गेला, बोलला, आणि तिथूनच गाडीत बसला. पहिल्या पक्षाने घाबरून त्याला तिकीट जाहीर केलं होतं. त्याला आमचं तिकीट नको होतंच. आमच्या दारातला फोटो हवा होता.

मला इतका राग आला की मी किटली आपटणारच होतो. अध्यक्ष म्हणाले, सांडंल.

तेवढ्यात मुलगा आला. त्याने फोनवर सगळं पाहिलेलं होतं. तो दबक्या आवाजात म्हणाला, "अण्णा, झालं ते झालं. उद्या बोर्ड उतरवू."

"का म्हणून?" अध्यक्ष म्हणाले. "एकजण आलता की तिकीट मागाया."

"अवो, ते फोटोसाठी आलतं."

"मागाया आला पायजे, येवढंच तू म्हणालतास. कशासाठी आला पायजे, ते काय ठरलं न्हवतं."

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, होय, मागितलं, माझ्यासमोर मागितलं, स्वच्छ शब्दांत. तो खुर्चीत बसला, दोन्ही हातांनी तोंड चोळलं, आणि मग हसायलाच लागला. सुताराला फोन करून उद्या येऊ नको म्हणून सांगितलं. जाताना वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून गेला. त्या दोघांना तसं मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

मी म्हणालो, अध्यक्ष, डाव छान टाकलात. ते किटलीकडे बघत होते.

मग पुण्याहून कार्याध्यक्षांचा फोन आला. त्यांनाही फोटो मिळाले होते, आनंदाने आवाज चढला होता, मला बाजूला बसूनही ऐकू येत होता. आमदारसाहेब कुठायत, त्यांच्याशी बोलायचंय, असं ते म्हणत होते. मला उत्तर पाठ होतं. अध्यक्षांनी तोंड उघडलं आणि ते थांबले. टेबलावर किटली होती, झाकणाच्या कडेने फेस आला होता. गंगावेशीतलं दूध इथे होतं.

"गेला," ते म्हणाले. "त्यो गेला, साहेब. मागंच गेला."

त्यांनी फोन ठेवला. सूर्य मावळायला थोडा वेळ होता. अक्का पुढे आल्या, किटली उचलून आत घेऊन गेल्या, आणि त्या घरात फार वर्षांनी दुधाचा चहा झाला. अध्यक्षांनी तो बशीत ओतून प्यायला. संपल्यावर बशी खाली ठेवली आणि मला म्हणाले, "पावणं, गूळ जरा कमी पडलाय."